‘शिक्षा’ची परत आलेली प्रत

छातीवर हात ठेवून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर वाळवीने मला आत्ताच्या आत्ता खावं.

मी एक जुनी प्रत आहे, मित्रांनो. ‘शिक्षा’ नावाच्या मराठी पुस्तकाची. वय दोनच वर्षं, पण कुरियरवाल्यांनी इतकं आदळलं की कोपरे म्हातारे झाले. मी छापले गेले तेव्हा नोएडात एवढं धुकं होतं, की मशीनने कागद समजून थोडं धुकंच छापलं. माझं सतरावं पान म्हणूनच गार लागतं.

मला लिहिलं गाझियाबादच्या प्रमोदिनीबाईंनी. त्या रविवारी घरी मुलांना मराठी शिकवायच्या. वर्गात सलोनी होती, नऊ वर्षांची, दिल्लीतच वाढलेली. एकदा तिने गृहपाठ केला नाही.

“शिक्षा हवी का तुला?” बाईंनी विचारलं.

“हो बाई, बिल्कुल हवी,” ती हसून म्हणाली.

पोरीच्या डोक्यात हिंदी. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. बाईंना वाटलं, उलट बोलते. भर जानेवारीत तासभर गॅलरीत उभी केली, आणि वर्ग हसला तो हसू दिला.

सलोनी परत आली नाही. मराठी बोलणंच सोडलं तिने. तिच्या आजीला मराठीशिवाय काही येत नव्हतं. आजी हाका मारायची, नात नुसती मान हलवायची. आजी तशीच गेली. हे बाईंना फार वर्षांनी कळलं, आणि शब्दाचा घोळही तेव्हाच उमगला.

म्हणून मी. एकशे बारा पानांची माफी. सलोनीचा पत्ता कुणी देईना. बाईंना वाटलं, पुस्तक गाजलं तर तिच्यापर्यंत पोचेल. म्हणून त्यांनी पुस्तकं छापून, विकून, गाजवून देणारा माणूस ठेवला. राघव त्याचं नाव.

“मैम, आपने लिख दिया ना? बाकी मुझ पर छोड़िए.”

गोड मुलगा. मराठी येत नव्हती, पण लिपी तीच, म्हणून त्याला वाटलं भाषाही कळली. बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. कव्हर न बघताच त्या फोनवर म्हणाल्या, “ठीक है बेटा, तुम प्रोफेशनल हो.” कव्हरवर आली पदवीची टोपी घातलेली हसरी मुलगी. मागे “सलोनी, मला माफ कर” छापायचं होतं. त्यातलं ‘माफ’ तेवढं त्याला कळलं, आणि निगेटिव्ह वाटतं म्हणून त्याने ती ओळ काढली.

मी शिक्षणाच्या पुस्तकांत जाऊन बसले आणि धडाधड खपले. न वाचताच घेतलं लोकांनी. गुरुग्रामला बाईंना ‘आदर्श शिक्षिका’ म्हणून शाल मिळाली. माईकवर त्या म्हणाल्या, “मैंने एक बच्ची के साथ बहुत गलत किया है.” लोकांना तो विनय वाटला. टाळ्या थांबेनात.

बाई जिला शोधतात ती सलोनी त्यांची लाडकी विद्यार्थिनी असणार, असं समजून मग राघवने तिचं मानेसरचं ऑफिस शोधून काढलं. बाईंना सरप्राइज म्हणून, शालीचा फोटो आत ठेवून, मला तिथे पाठवलं.

सलोनीने मला जेवणाच्या सुट्टीत उघडलं. शेजारच्या सृष्टीने विचारलं, “कौन हैं ये?”

“मेरी मराठी टीचर. बच्चों को कैसे पढ़ाते हैं, उस पर किताब लिखी है.”

कव्हर पाहिलं, शाल पाहिली. पुढचं पान उलटलं नाही. कव्हरवरच्या माझ्या नावाखाली लिहिलं, “शिक्षा मिल गई थी, बाई.” आणि मला बाईंच्या पत्त्यावर परत पाठवलं.

ती ओळ बाईंनी बोटाने पुसून पाहिली. मग पाकिटावरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडून आवाज आला, “बाई, ऐकतेय मी.” मराठीत.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, पुस्तकं लिहाल. ती गाजवायला माणूस ठेवा, जरूर ठेवा. पण आधी त्याला शेजारी बसवून पुस्तक वाचून दाखवा. घाई करू नका. एका शब्दाला माणूस तुटतं.

आता वाळवीची भीती वाटते म्हणून सांगते. एक गोष्ट मी रचली. पलीकडून कुणी बोललं नाही. घंटी वाजून वाजून बंद झाली. बाई तरी फोन कानाशी धरून, मला पहिल्या पानापासून मोठ्याने वाचत बसल्या.