पोखर्णीची शपथ

मिनतीला मराठी येत नाही, ही गोष्ट तिच्या सासूनं, दगडाबाईनं, गावाला इतक्यांदा सांगितली होती की खुद्द मिनतीलाही ती खरी वाटू लागली होती. आशाताई तपासणीला आली की दगडाबाई पुढं. "तिला काय कळतंय? मला इचारा." मिनतीचं वय, मिनतीची कंबरदुखी, मिनतीची भूक, सगळ्यांची उत्तरं दगडाबाईला तोंडपाठ. सून आपली पदर ओढून मुकाट उभी.

ती ओडिशातल्या बलांगीरकडची. इकडं रामला मुलगी मिळेना, तिकडं मिनतीच्या घरी पाच बहिणी. एका मध्यस्थानं जुळवून दिलं. गंगाखेडपासून बरंच आत, गावाबाहेर आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, तिचा संसार. दोन वर्षांत ती एकदाही माहेरी गेली नव्हती. आधारकार्ड सासूच्या पेटीत. महिन्यातून एकदा रामच्या फोनवर आईशी बोलायचं, तेही सासूसमोर. "गेली तर परत येती का?" हे दगडाबाईचं ठरलेलं वाक्य. राम तसा वाईट नव्हता, आईपुढं शेपूट घालणारा होता, एवढंच. पण बहुतेक दारं अशाच माणसांमुळं बंद राहतात.

बांधापलीकडं सिद्धोधन यांचं शेत होतं. त्यांची मुलगी बबिता बारावी झालेली, तोंडाची फटकळ. कापूस वेचताना दोघी आपापल्या शेतातल्या बांधाकडच्या ओळीला लागल्या, तेव्हा तिनं बांधावरूनच विचारलं, "ए वहिनी, मुकी हाईस का काय?" मिनती हसली. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू झाली. बबिता बोंड दाखवायची, कापूस भरायची कमरेची ओटी दाखवायची, आभाळ दाखवायची आणि नाव सांगायची. मिनती चुकली की पोट धरून हसायची. मग मिनती तिला तिकडचे शब्द म्हणायला लावून उट्टं काढायची. आईला तिकडं बोऊ म्हणतात, हे बबिताला त्या बांधावरच कळलं.

रोज सकाळी बबिता आल्याबरोबर म्हणायची, "जयभीम, वहिनी!" मिनतीही तसंच म्हणायची. माणूस भेटलं की आधी हे म्हणायचं, मग पुढचं बोलायचं, एवढं तिला कळलं होतं. दुसरी वेचणी संपेपर्यंत तिची जीभ चांगलीच सुटली. घरात मात्र तिनं अजून ब्र काढला नव्हता. तिथं कुणी तिला काही विचारतच नव्हतं.

रामनं तिला कबूल केलं होतं, बहिणीचं लग्न जमलं की बलांगीरला जाऊ. म्हणून त्याची बहीण राजेश्री हिला पाहायला पाव्हणे आले, त्या दिवशी मिनतीनं ठरवलं, आज आपणही हातभार लावायचा. तिनं पाण्याचा तांब्या पाव्हण्यांपुढं ठेवला, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जयभीम, पाव्हणं. वाटंत तरास तर झाला न्हाई ना?"

मुलाच्या चुलत्यानं रामकडं पाहिलं, रामनं जमिनीकडं. मिनतीला वाटलं आपण हळू बोललो. तिनं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. चहा कपातच राहिला आणि पाव्हणे उठले. एवढ्याशा रामरामानं ज्यांची सोयरीक मोडते, त्यांच्या घरी राजेश्री पडली नाही हे बरंच झालं. पण त्या आखाड्यावर हे म्हणणार कोण?

"त्यांच्या पोरीकून शिकलीस व्हय?" दगडाबाईनं सुनेला दंड धरून आत नेलं. आठवड्यात बांधावर तारेचं कुंपण आलं. मंडळी कामाला गेली की दाराला बाहेरून कडी लागू लागली.

मागच्या खिडकीला गज होते, पण ती कुंपणाकडं उघडायची. एका दुपारी मिनतीनं तिथून विचारलं, "त्यो वाईट शब्द हाय का?"

बबितानं तार धरली. "न्हाई. आमच्यात लय मानाचा हाय. कुणाम्होरं म्हणायचा, हे तुला सांगायला पायजे व्हतं. पण तुझ्यासंगं बोलताना मी इसरूनच गेले, वहिनी."

काय विसरली, हे मिनतीनं विचारलं नाही. ते आता तिला कळलं होतं, आणि कळल्याचं फार वाईट वाटलं.

संक्रांतीच्या आधी दगडाबाईनंच तोड काढली. पोखर्णीला जाऊन नरसिंहासमोर शपथ घ्यायची, त्या पोरीशी जन्मात बोलणार नाही. मग होळीला माहेर. मिनतीनं खिडकीतून बबिताला सांगितलं.

"मंग घे की शपथ! तुझी बोऊ वाट पाहायलीय. मी काय कुठं पळून चालले व्हय?" असं म्हणून बबितानं तोंड फिरवलं, ते पुन्हा वळवलं नाही.

पोखर्णीला दर्शनाची रांग होती. देवासमोर दगडाबाई म्हणाली, "मी म्हणते तसं म्हण. देवा नरसिंहा, मी बबितासंगं..."

"देवा नरसिंहा," मिनती म्हणाली आणि थांबली. आईचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. नुसतं म्हणायचं होतं. पण मग माहेराहून परत यायचं ते त्याच आखाड्यावर, जिथं तिला कुणी काही विचारणार नव्हतं. आणि पुढच्या माहेराला पुढची शपथ. तिला रडू फुटलं, पण शब्द मोडले नाहीत. "बबितानंच मला बोलायला शिकवलं. मी तिच्यासंगं बोलणार. आन् मला माझ्या आईकडं जायचंय. शपथ न घेता जायचंय."

रांगेतली त्यांच्याच गावची एक म्हातारी पुढं सरकली. "अगं दगडे, सुनेला बोलता येत न्हाई म्हणत व्हतीस ना?"

दगडाबाईनं सुनेचा दंड धरला आणि तिला रांगेबाहेर ओढलं.

होळीचं माहेर गेलं, हे मिनतीला सांगावं लागलं नाही. आखाड्यावर आल्यावर कडी लागली. या वेळी ती रामनं लावली. मिनती भिंतीला टेकून पोटभर रडली, मग उठून खिडकीशी गेली. दिवस मावळत होता. पलीकडं बबिता शेळ्या घेऊन निघाली होती, मुद्दाम इकडं न पाहता, कारण मिनतीनं शपथ घेतली असंच ती धरून चालली होती. अंगणात सासू होती, राम होता. मिनतीनं गज धरले आणि जीव खाऊन हाक मारली.

"जयभीम, बबिता! मी शपथ न्हाई घेतली!"

बबिता जागच्या जागी थांबली. शेळ्या पुढं निघून गेल्या.

"जयभीम, मिनती!" ती ओरडली. वहिनी म्हणायचं ती त्या दिवशी विसरली.