चौथ्या मजल्यावरील वास्तव्य

वाचकहो, आंबिवलीजवळच्या आमच्या गावात धाकू नामक माझ्या शेजाऱ्याच्या घरी दोन मुलांच्या संगोपनाबाबत जे घडले, ते मी पदरचे काहीही न घालता आता निवेदन करणार आहे. त्यात माझी एक चूक आहे. तीही मी लपवणार नाही.

कार्तिक महिना होता. धाकूच्या खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. उरलेल्या एकाच शेताचे ते भात. बाकीची जमीन इमारतीखाली गेली आणि तिच्या बदल्यात धाकूला चौथ्या मजल्यावर एक सदनिका मिळाली. सदनिकेला कुलूप असे. धाकू व त्याची पत्नी कमळाबाई जुन्या कौलारू घरातच राहत, कारण दोन म्हशी चौथ्या मजल्यावर चढत नाहीत.

धाकूची धाकटी बहीण कल्पिता विठ्ठलवाडीस दिली होती. ती काविळीने वारली. तिचा नवरा मुलांना खोलीत सोडून निघून गेला, तो आजतागायत सापडलेला नाही. शेजाऱ्यांनी कळवल्यावरून नऊ वर्षांचा हर्षित आणि पाच वर्षांची समृद्धी बालकल्याण समितीपुढे गेली व समितीने ती तात्पुरती मामाच्या हवाली केली. घराची पाहणी होऊन अहवाल अनुकूल आला तर मुले तेथेच राहणार होती. न आला तर हर्षित मुलांच्या बालगृहात आणि समृद्धी मुलींच्या, दोन निरनिराळ्या गावी. समृद्धी भावाचा सदरा मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे.

पाहणीच्या दिवशी सकाळी मी झोडणीस गेलो. आभाळ अवेळी भरून आले होते. अंगणभर पेंढा, ओसरीत भाताची रास आणि सर्वांच्या अंगावर तूस.

"दादा, मॅडमला यो पसारा दाखवशील?" मी विचारले.

"मंग कं करू? पाऊस बघ कसा दाटलाय. भात भिजू देऊ?"

"वरची खोली कशाला घेतलीस? पूजेला? काढ चावी."

कमळाबाई सूप आपटत म्हणाली, "गोविंदा, तू सातवी शिकलास तं लय शाना झालास. पोरा इथं ऱ्हातान, आन मॅडमला तिथं दाखवाची?"

"वहिनी, सरकार फरशी बघतं. शेण नाय बघत."

धाकूने माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या पायांकडे पाहिले आणि चावी काढली.

मुलांना आंघोळ घालून वर नेले. नव्या पलंगावरील प्लास्टिक तसेच ठेवले, कारण गादी मळेल अशी धाकूस भीती. संरक्षण अधिकारी अक्षदा मॅडम बाराच्या सुमारास आल्या. चपला बाहेर काढून त्या पलंगावर बसल्या, तेव्हा प्लास्टिक चरचरले.

"तुम्ही सगळे इथेच राहता?"

"इथंच," धाकू म्हणाला.

"हर्षित, मला जरा पाणी देशील बाळा?"

हर्षित उठला. त्याने एक दार उघडले, तो संडास होता. दुसरे उघडले, ते रिकामे कपाट होते. तिसऱ्या दाराशी तो नुसता उभा राहिला.

"दादा, पाणी खाली आहे ना, माठात," समृद्धी म्हणाली.

मॅडमनी फाईल मिटली. "धाकूदादा, या घरात कोणीच राहत नाही. मी काय लिहू, सांगा."

धाकू नखांतील माती काढीत राहिला. मी भिंतीकडे पाहत होतो. शेवटी कमळाबाईच बोलली.

"चला मॅडम. आमचा खरा घर बघा, मंग काय लिवायचा ते लिवा. लाज वाटली म्हून खोटा बोललो. पोरा खोटी नाय आमची."

मॅडम खाली आल्या आणि तासभर भाताच्या गोणीवर बसल्या. हर्षितने कोणी न सांगता म्हशीपुढे पेंढा टाकला. कमळाबाईने सुकट-भाकरी वाढली. समृद्धी आपले ताट सोडून मामीच्याच ताटात जेवली. मॅडमनी दोन्ही घरांची हकीकत लिहून घेतली.

पंधरा दिवसांनी आदेश आला. तो मी वाचून दाखवला. दोन्ही मुले एकत्र, मामा-मामीकडेच. धाकूने कागद कपाळाला लावला. परंतु खाली आणखी मजकूर होता. जुन्या घरात शौचालय नाही, मुलांना झोपण्यास स्वतंत्र जागा नाही. कुटुंबाने सुस्थितीतील सदनिका दाखविली असल्याने मुलांचे वास्तव्य तेथेच असावे व दरमहा पाहणी व्हावी.

"परत वाच," धाकू म्हणाला.

मी परत वाचले.

"म्हशींचा काय लिवलाय?"

"म्हशींचा काय नाय लिवला," मी म्हणालो.

"इकून टाक दोनी," मीच सुचवले.

"आन पोरा काय पितील? तुजा आदेश?" कमळाबाई म्हणाली. मग ती म्हशींना पाणी दाखवून आली. "एकाला खाली ऱ्हावा लागंल," ती म्हणाली आणि तिने मुलांचे कपडे दोरीवरून काढावयास घेतले.

या गोष्टीस आता पाच महिने झाले. कमळाबाई मुलांसह वर राहते. धाकू खाली एकटा राहतो. दिवस मावळण्यापूर्वी तो वर जेवावयास जातो व स्वतःच्याच दाराची घंटी वाजवतो.

"मामी, पाहुणा आला!" समृद्धी ओरडते.

अंगाला पेंढा असतो म्हणून तो दाराशीच बसून जेवतो. परवा मी तेथे होतो.

"भाकर घ्या अजून अर्धी," कमळाबाई म्हणाली.

"नको. धारेची येल झाली."

"सकाली धार काढून येशाल ना?"

"बघतो."

तिने अर्धी भाकर फडक्यात बांधून दिली. मी त्याच्याबरोबर जिना उतरलो. अंगणात पोचल्यावर धाकूने ती भाकर खुंटीला टांगली आणि दुधाची चरवी घेतली.

दोन्ही मुले एका छपराखाली आहेत, हे मी येथे नमूद करतो.

आपण वेळ काढून वाचलेत, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे.

आपला नम्र,
गोविंदा हिरू मढवी