एका हिवाळ्यापुरती

"अमेरिकेतून शेवटचं बाहेर कधी पडलात?" अमेरिकी वकिलातीच्या खिडकीत, काचेपलीकडच्या अधिकारी बाईंनी विचारले.

"अकरा ऑक्टोबर दोन हजार पाच."

"आणि आज?"

"सात मार्च दोन हजार अठरा," ओतिलिया म्हणाली. उत्तर अचूक होते. अडचण तीच होती.

अधिकारी बाई वयाने तिशीच्या, ओतिलियाच्याच बरोबरीच्या. त्यांचे स्पॅनिश पुस्तकी होते. ओतिलियाचे इंग्रजी तसे नव्हते. ते कॅन्ससच्या शाळेत, बसमध्ये आणि हॉकीच्या मैदानावर शिकलेले आणि अठराव्या वर्षी जिथे थांबले तिथेच थांबलेले होते. तिच्या तोंडी दोन-चार शब्द असे आले, की ते हल्लीची मुले वापरत नाहीत. बाई क्षणभर हसल्या आणि पुन्हा कागदांत शिरल्या.

अर्ज साधा होता. वडील मांसाच्या कारखान्यात कामाला होते, त्यांच्या कागदांवर ओतिलियाला नवव्या वर्षी कायम वास्तव्याचे कार्ड मिळाले. ते तिने मागितले नव्हते, आणि गमावलेही तसेच. ज्याच्याकडे ते कार्ड आहे त्याने देशाबाहेर सलग वर्षभर राहू नये, असा नियम. राहिलाच, तर दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: परतण्याचा इरादा कधी सुटला नव्हता, आणि मुक्काम लांबला तो आपल्या हाताबाहेरच्या कारणाने.

कारणाचे नाव होते फोर्तुनातो. आईचे वडील, मेक्सिकोतल्या साकातेकासच्या पठारावर सहा हेक्टर घेवडा पिकवणारे. त्या गावात म्हाताऱ्यांचे करायला धाकट्या मुलीने मागे राहायचे, हा रिवाज. धाकटी मुलगी म्हणजे ओतिलियाची आई. पण ती तर लग्न करून, नवऱ्यामागे सीमा ओलांडून गेलेली. तेव्हा तिची धाकटी गेली. दोन हजार तीनच्या ऑक्टोबरात डॉक्टरांनी चौऱ्याऐंशी वर्षांच्या फोर्तुनातोंना एक हिवाळा दिला होता. आईने अठरा वर्षांच्या मुलीची एकच पेटी भरली. एका हिवाळ्याला दोन कशाला?

फोर्तुनातोंनी चौदा हिवाळे काढले. वैद्यकशास्त्रात असे अंदाज सरासरीवर बेतलेले असतात, आणि सरासरीला नात नसते.

पहिली दोन वर्षे ओतिलिया वर्ष भरण्याआधी महिनाभर कॅन्ससला जाऊन आली. तिसऱ्या वर्षी, निघायच्या दहा दिवस आधी, आजोबा विहिरीच्या पायरीवर पडले आणि खुबा मोडला. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवायला माणूस लागे. अकरा ऑक्टोबर आली आणि गेली. त्या दिवशी तिने चादरी धुतल्या होत्या.

वडील वारले तेव्हाही ती मातीला पोहोचली नाही.

आजोबा गेल्या नोव्हेंबरात गेले, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, झोपेत. आईला त्याआधी दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त गाळून घ्यावे लागत होते, प्रवास बंद. थोरला भाऊ रुतिलियो कारखान्याच्या पाळ्या सांभाळून तिची ने-आण करी. ओतिलियाला जायचे होते ते एवढ्यासाठी.

आज पहाटेपासूनच्या रांगेत तिच्या पुढे एक बाई होत्या: दोन्या प्रासेदेस, दुरांगोच्या, लेकीच्या बाळंतपणासाठी पर्यटकाचा व्हिसा मागायला आलेल्या. तीनदा नकार, ही चौथी वेळ. त्यामुळे त्या सल्ला देण्यास पात्र झाल्या होत्या.

"जमिनीचा कागद आणलाय का, पोरी?"

"आणलाय, मावशी. ग्रामसभेच्या शिक्क्याचा."

"मग तो तळाशी काय कोंबलायस? वर ठेव. या लोकांना एकच भीती, आपण तिकडे जाऊन बूड टेकू. त्यांना दिसलं पाहिजे, हिची मुळं इथं खोल आहेत."

"तीनदा नकार मिळाला ना तुम्हाला?"

"तेव्हा जमीन नवऱ्याच्या नावावर होती! आता मेलाय तो, देव त्याचं भलं करो. आता मी जमीनदारीण!"

पुढचा गृहस्थ मागे न वळता म्हणाला, "मेल्यावर तरी कामाला आला बिचारा." सगळी रांग हसली. हसता हसता ओतिलियाने कागद तळातून काढून वर ठेवला.

दोन्या प्रासेदेस चुकीचे बोलल्या नव्हत्या. त्या पठारावरच्या प्रत्येक गावाला वकिलातीबद्दल हेच ज्ञान आहे, आणि पाहुणे म्हणून जाणाऱ्यांच्या बाबतीत ते खरेही आहे: मुळे दाखवा, तर जाऊ देतील. शेताचे कागद, घराचे फोटो, गाईच्या कानातल्या बिल्ल्यांचे आकडे घेऊन लोक त्या खिडकीशी जातात. ओतिलिया मात्र पाहुणी म्हणून जात नव्हती. ती घरी परतते आहे, असे तिला सिद्ध करायचे होते. एका प्रयोगाचा निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगाला लावला, की असे होते.

अधिकारी बाईंनी सगळे नीट पाहिले. शाळेचा दाखला. मुदत संपलेले कार्ड. खुब्याची क्ष-किरण चित्रे, डॉक्टरांची एकोणीस पत्रे. 'माझ्या बहिणीची खोली आम्ही कुणाला दिलेली नाही,' हे रुतिलियोचे पत्र. चित्रांपाशी त्या जास्त वेळ थांबल्या.

"आजोबांचं सगळं तुम्हीच करत होतात?"

"दुसरं कोण करणार?"

"भाऊ? मावश्या?"

"सगळे तिकडे. कार्ड होतं ना सगळ्यांकडे," ओतिलिया म्हणाली. मग तिच्या लक्षात आले, कार्ड तर तिच्याकडेही होते.

बाईंनी शिक्क्याचा कागद उचलला.

"हे काय आहे?"

"शेतजमीन गावाच्या सामाईक मालकीची आहे. आजोबांच्या मागं कसणारं कुणी गावात राहत नसेल, तर गाव ती परत घेतं. म्हणून सभेनं माझं नाव लावून घेतलं."

"कधी?"

"दोन हजार नऊ."

बाईंनी ओळीखाली बोट ठेवून वाचले, सावकाश, जणू वाक्य संपू नये असे त्यांनाही वाटत होते: "'सदर ओतिलिया ही या गावात कायम वास्तव्यास असून, यापुढेही येथेच राहण्याचा तिचा इरादा असल्याचे तिने सभेपुढे शपथेवर सांगितले.' ही सही तुमची?"

"माझीच. आई फोनवर म्हणाली, सही कर, जमीन जायला नको. सगळेच करतात."

"शपथेवर सांगितलं होतंत?"

खोटे बोलण्याची ती जागा होती. ओतिलियाला ती दिसली.

"हो," ती म्हणाली.

"तेव्हा खोटं सांगितलंत?"

"नाही. आजोबा होते तोवर कुठं जाणार होते मी? पण जायचं तर रोज होतं, बाई. दोन्ही खरं होतं."

बाईंनी मान हलवली. ती सहानुभूतीची होती, आणि कायद्यात सहानुभूतीला रकाना नव्हता. एक देह एका वेळी दोन ठिकाणी कायम राहू शकत नाही, यावर पदार्थविज्ञान आणि सरकार यांचे एकमत आहे. मनाबद्दल दोघांनीही काही म्हटलेले नाही.

"हा कागद मी आपण होऊन मागितला नसता," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "पण आता पाहिला आहे. भाऊ तिकडचा नागरिक असेल, तर तुमच्यासाठी अर्ज करू शकेल. त्याला वीस-एक वर्षं लागतात."

"आईला सहासष्ट संपलं," ओतिलिया म्हणाली. तिने कागद गोळा केले, आणि आभार मानायला विसरली नाही.

दुपारी एक वाजता बसस्थानकाच्या बाकावरून तिने फोन लावला. बुधवार होता, आई नुकतीच यंत्राला जोडलेली असणार. रुतिलियोने फोन आईच्या छातीवरच्या चादरीच्या घडीत उभा केला आणि तो पाळीवर गेला. आईचा चेहरा खालून, हनुवटीकडून दिसत होता.

"जेवलीस?"

"बुरितो खाल्ला. आई, नाही मिळालं."

पलीकडे यंत्र घरघरत होते.

"माझ्यामुळं," आई म्हणाली. "सही कर म्हणून मीच तुझ्या मागं लागले."

"जमीन राहिली की."

"चुलीत घाल जमीन!" मग आवाज उतरला. "माझ्या बापाच्या पाठीला चौदा वर्षांत एक जखम झाली नाही. इथल्या नर्सला सांगते मी. तिचा विश्वासच बसत नाही."

"दर दोन तासांनी कूस बदलायची, बास. त्यात काय."

"तुझ्याच वेण्या घालायच्या राहिल्या बघ शाळेच्या शेवटच्या दिवशी. घाईत होते मी."

"मी घातल्या होत्या माझ्या माझ्या."

"वाकड्या घातल्या होत्यास."

"फोन ठेवू नकोस हं," आई थोड्या वेळाने म्हणाली. "काही बोलायचं नाही. नुसती बस."

"बसले."

आईला झोप लागली. श्वासाबरोबर फोन हळूहळू घसरला, आणि पडद्यावर छत आले: पांढऱ्या चौकोनी फळ्या, बारीक भोके, एका कोपऱ्यात पाण्याचा पिवळा डाग. ओतिलिया ते बघत बसली. बसची घोषणा झाली तेव्हा ती उठली आणि फोन आडवा, दोन्ही हातांत धरून, काठोकाठ भरलेले भांडे न्यावे तशी चालत गेली. तिकीट तपासणाऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. तिने कोपराने खिसा दाखवला, त्याने तिकीट स्वतःच काढून घेतले.

शहर संपले, वाळू सुरू झाली. इंजिनाच्या आवाजात यंत्राची घरघर ऐकू येईना. पडद्यावर छत तसेच होते, डाग तसाच. छत मुळातच हलत नाही. त्यामुळे जोडणी नेमकी कुठे तुटली, हे तिला कळले नाही. ती बघत राहिली.