पानांची बंदूक

बंदूक कशी निवडावी हे मला विचारू नका. मी नाहूरचा रेडियमवाला. बाइकला चिकट रंगीत फिल्मचा रॅप मारतो, गाड्यांना स्टिकर लावतो, रिक्षांच्या मागे पोराबाळांची नावं कापून चिकटवतो. पण गेल्या आठवड्यात भाचीचा खांदा दिसला आणि माझं डोकंच फिरलं. उजव्या खांद्यावर हा एवढा काळानिळा डाग.

"हा खेळ आहे की मारामारी?" मी ओरडलो.

"मामा, हळू ना! आजी ऐकेल."

तेजल कॉलेजसाठी वाशिमहून आमच्याकडे राहायला आली, एनसीसीत गेली आणि तिथून शॉटगनच्या नादी लागली. मशीन मातीची केशरी चकती हवेत फेकतं, ती खाली पडायच्या आत छर्‍यांनी फोडायची, एवढाच खेळ. क्लबची जुनी दुनळी बंदूक मात्र तिच्या हातात तोफेसारखी दिसायची. पहिल्या फेऱ्या झकास जायच्या, शेवटी हात भरून यायचे आणि चकत्या सुटायच्या. राज्याच्या संघाची निवड चाचणी रविवारी होती. नाव लागलं नाही तर खेळ बंद, असं तिच्या आईने फोनवर बजावलं होतं. म्हणून पोरगी खांदा लपवून वावरत होती.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी तिच्याबरोबर रेंजवर गेलो. तिच्या कोच अनुपमा मॅडम. त्यांनी क्लबच्या अजून दोन बंदुका काढून टेबलावर ठेवल्या. मी एक उचलली, भोपळा जोखावा तशी हातावर जोखली आणि म्हटलं, "ही घे तेजू, एकदम हलकी."

मॅडम हसल्या. "भाऊ, हलकी दुनळी जास्त लाथ मारते. निम्मा दणका बंदुकीचं वजनच खातं."

झालं, माझं ज्ञान तिथेच संपलं. मॅडमनी दुसरी तिच्या हातात दिली. "हीसुद्धा हलकी, पण सेमी-ऑटोमॅटिक आहे. बार उडाला की त्याच्या गॅसचा थोडा जोर पुढचं काडतूस भरण्यात जातो. खांद्याला कमी लागतं. एका मेंबरने परदेशातून आणून क्लबला दिलीय."

त्या बंदुकीची नळी काळी होती, पण दस्त्यावर आणि पुढच्या मुठीवर सुकं गवत, पानं, लव्हाळी छापलेली. तेजलने बार टाकला. चकतीचा नुसता धुरळा झाला. तिने दुसरी फोडली, तिसरी फोडली आणि वळून माझ्याकडे असं काही हसली की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

"मामा, हीच! बास, हीच!"

मी कौतुकाने फोटो काढला. आणि इथेच माती खाल्ली. घरी आल्या आल्या तो आईला दाखवला.

आमची आई, सुंदराबाई. फोटो लांब धरून म्हणाली, "अगंबाई, बंदुकीवर गवत कशाला?"

मला गप्प बसता येतं का? "अगं, परदेशात पक्ष्यांच्या शिकारीला वापरतात ही. गवतात लपून बसायचं, म्हणजे बदकांना दिसत नाही!"

तेजलने टेबलाखालून मला अशी लाथ घातली की ती बंदूक परवडली.

आईने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "तेजू, विहारात पहिलं शील काय घेतेस?"

"जिवाची हत्या करणार नाही," तेजल पुटपुटली. "पण आजी, ती मातीची चकती असते गं."

"चकती मातीची आहे, मला ठाऊक आहे. म्हणून तर आजवर बोलले नाही. पण ही बंदूक लपून मारायला बनवलेली. ही नको, बाळा."

आई ओरडली असती तर मी भांडलो असतो. ती ओरडतच नाही, तीच तर पंचाईत. तेजलनेही वाद घातला नाही. "बरं, जुनीच वापरते," म्हणाली आणि आत गेली. मला इतका राग आला! आईचा, स्वतःचा, त्या बदकांचासुद्धा.

"तिचा खांदा बघ एकदा," मी आईला म्हटलं, "मग शील सांग."

आई उठून आत गेली. तिने खांदा बघितला. बराच वेळ कोमट तेल लावत बसली.

शुक्रवारी मॅडमचा फोन आला. आईचा नकार आम्ही त्यांना कळवलाच नव्हता. मी घरीच एका रिक्षाचं नाव कापत होतो, हातात कटर होता म्हणून स्पीकरवर टाकला.

"भाऊ, वाट लागली! सरावात चालते म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही. स्पर्धेत ही पानाफुलांची, लपायच्या नक्षीची बंदूक चालत नाही. नियमच आहे."

तेजल पुस्तकात डोकं घालून बसली होती, तिने मानसुद्धा वर केली नाही. मी समोरच्या रॅपच्या रोलकडे बघितलं. रोलने माझ्याकडे बघितलं म्हणा ना.

"मॅडम, वरून साधा एकरंगी रॅप मारला तर?"

"थांबा, पंचांना विचारते." थोड्या वेळाने परत फोन. एकच रंग असेल आणि हलणारे भाग मोकळे राहणार असतील तर चालेल.

आई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "म्हणजे त्यांच्या खेळातच लपायची बंदूक चालत नाही?"

"नाही चालत," तेजल म्हणाली.

"मग खेळ बरा आहे की," आई म्हणाली. "शिवा, उद्या मी पण येते."

शनिवारी रेंजवरच टेबल मांडलं. मी काळा रोल उलगडायला घेतला तर आईने हात धरला. "काळा कशाला? निळा आणलायस ना?"

आणला होता. आईला मी ओळखत नाही का?

मी ब्लोअरने निळा रॅप गरम करून ताणत होतो आणि आई पदराच्या टोकाने बुडबुडे काढत होती. गिऱ्हाइकंसुद्धा एवढं डोकं खात नाहीत. "इथे एक पान दिसतंय बघ. अरे, इथे पण." शेवटचं पान झाकलं तेव्हा कुठे तिने बंदुकीवरून हात फिरवला आणि तेजलला म्हणाली, "घे आता. नीट खेळ."

रविवारी आई पांढरी साडी नेसून, विहारात जाते तशी, पहिल्या रांगेत बसली. तेजल काय खेळली म्हणून सांगू! शेवटच्या फेरीपर्यंत तिचे हात खाली आले नाहीत. मी नखं खाऊन संपवली होती.

आणि तेव्हाच ते झालं. तेजलने चकती सोडायला आवाज दिला, चकती उडाली आणि नेमका डाव्या बाजूने एक बगळा आरामात नेमाच्या वाटेत आला. तेजलने नळी खाली केली. चकती पलीकडे गवतात अख्खी पडली.

"लॉस्ट," पंच म्हणाले. म्हणजे गुण गेला.

"अहो, लॉस्ट काय? बगळा..." मी उठलोच होतो. मॅडमनी शर्ट धरून खाली बसवलं. लगेच हात वर करून सांगितलं असतं, तर पंचांनी दुसरी चकती दिली असती म्हणे. ही बया काही बोललीच नाही. बंदूक परत खांद्याला लावली आणि पुढच्या सगळ्या फोडल्या.

निकालाला मॅडम फळ्यावर लागलेल्या यादीतलं एकेक नाव वाचत होत्या. तेजलचं येईना. माझा जीव टांगणीला. अगदी शेवटी, सगळ्यांत शेवटी, तेजल! मी अशी आरोळी ठोकली की माझंच नाव लागलंय असं लोकांना वाटलं असेल. तेजल धावत आली आणि आजीच्या गळ्यात पडली. आई रडत होती, उघड उघड, पदरबिदर न लावता.

शेजारी कुणा मुलाचे वडील बसले होते. त्यांनी विचारलं, "आजी, मघाशी ती चकती तिने सोडली का हो? बंदूक अडकली का?"

आईने डोळे पुसले आणि ताठ बसली.

"अडकली-बिडकली काही नाही. माझ्या नातीची बंदूक कधी चालते आणि कधी चालत नाही, ते त्या बगळ्याला विचारा."