पचाक

“काका, हा सेंटरला येणार. हा आपला हीरो पीस आहे,” मिहिका म्हणाली आणि माझ्या हातातल्या फ्रेमकडे अशी कौतुकानं बघायला लागली, जणू कुणाच्या बारशाचा फोटो आहे.

“हे मोठ्या अक्षरात काय लिहिलंय?” मी विचारलं.

“स्प्लॅट.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे... काहीतरी वरून पडलं की साउंड येतो ना? टोमॅटो वगैरे?”

“पचाक,” मी म्हणालो.

“पचाक!” ती टाळी वाजवून हसली. “ओ माय गॉड, सो क्यूट! एक्झॅक्टली पचाक!”

क्यूट म्हणे! मी फ्रेम टेबलावर पालथी ठेवली.

फोटोतला माणूसही तसाच पालथा पडला होता, फुटपाथवर. खिडक्या पुसणारा असावा, कारण शेजारी बादली कलंडली होती आणि कमरेचा पट्टा तुटून बाजूला पडला होता. एका पायातला बूट गेलेला, मोज्याला भोक. भोवती हॅटवाले पाच-सहा जण उभे, पण त्याच्याकडे बघणारा एकही नाही. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. एक जण तर चक्क हसतोय. आणि वर वीतभर उंचीचा तो शब्द. शिरा पडो तुमच्या तोंडार, मी मनात म्हणालो. सत्तर वर्षांपूर्वीच्या माणसांना शिव्या घालून काही उपयोग नाही हे मलाही कळतं. तरी घातल्या.

मी दौलत. कुडाळचा. दुबईत, अल कूझमधल्या एका फ्रेमच्या दुकानात एकोणीस वर्षं काम करतोय. लग्नाचे फोटो, शेखांचे घोडे, डिग्र्या, कुराणाच्या आयती, काय वाट्टेल ते मी काचेत घातलं आहे. पण असलं काम आजवर आलं नव्हतं. दुबई मरीनामध्ये देवांश नावाचा एक पोरगेला शेठ बर्गरचं रेस्टॉरंट काढत होता, जुन्या न्यूयॉर्कसारखं. त्यासाठी त्यानं जुन्या अमेरिकन पेपरांची एक्केचाळीस पहिली पानं लिलावातून मागवली होती. खरीखुरी, पिवळी पडलेली. मिहिका त्याची इंटिरियरवाली. इथल्याच अल बर्शात जन्मली, तिथंच वाढली, मराठी बोलते पण मध्येच अडखळते. पोरगी गुणी आहे, माझ्यासाठी न विसरता कडक चहा आणते. त्यामुळे तिच्यावर धड चिडताही येत नव्हतं.

तीन आठवडे ती पानं माझ्या टेबलावर होती. काही नुसतीच चावट, नटनट्यांची लफडी, दोन डोक्यांचं वासरू. ती ठीक आहेत. पण नऊ पानांवर मेलेली माणसं होती. एक गाडीच्या खिडकीतून लोंबकळतोय. एका बाईचा पाय जिन्यावर, झगा गुडघ्याच्या वर गेलेला, आणि फोटो मुद्दाम तसाच घेतलेला. एक आई पोराच्या अंगावर पडून रडतेय आणि बातमीत काहीतरी विनोद केलाय. मिहिकानं तो समजावून सांगितला, मला समजला आणि वाटलं, समजला नसता तर बरं. संध्याकाळी मी हात डेटॉलनं धुवायचो. जुन्या कागदाचा वास जात नव्हता की माझी किळस जात नव्हती, देव जाणे.

आणि हा पचाकवाला. त्याच्याबाबत मी खोटं बोलणार नाही. माझा धाकटा भाऊ समाधान दोरावर लटकून टॉवरच्या काचा पुसायचा, इथंच मरीनात. मीच त्याला इकडं आणलं होतं. चार वर्षांपूर्वी तो पडला. मला फोन येण्याआधी त्याचा व्हिडिओ कुडाळला पोचला होता. कुणीतरी खाली उभा राहून काढलेला, वर ‘देखो दुबई में क्या हुआ’ आणि तोंड वासलेले इमोजीचे पिवळे चेहरे. माझ्या भावजयीनं, गिरिजानं, तो दुसऱ्या कुणाचा म्हणून बघायला घेतला. मग मला फोन केला. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, “दादा, ह्यो ह्यांचोच शर्ट ना?”

म्हणून मला एवढंच हवं होतं, की या बादलीवाल्याकडे बघून कुणी हसू नये. फार नाही मागत होतो मी.

“मिहिका, हा एक नको लावूया,” मी म्हणालो.

“काका, का? इट्स सो ओल्ड. यातलं आता कुणीच नाहीये.”

“मेलं म्हणून नाहीये.”

“हो, तेच. मग कुणाला हर्ट होणार?”

काय सांगू? सांगितलं असतं तर पोर रडली असती आणि ते मला नको होतं. तिनं माझ्यासमोरच देवांशला फोन लावला. तो स्पीकरवर हसून म्हणाला, “अंकल, वही तो बेस्ट है! लोग उसी के साथ फोटो खींचेंगे.” दुकानाच्या मालकाला, हम्मादभाईला विचारलं, तर तो म्हणाला, “दौलत, तू फ्रेम वाला है या मौलवी? टांग दे. खलास.”

टांगायचं तर टांगायचं. पण कसं टांगायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

आमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो कुठंही खिळा ठोकून लावत नाहीत. त्याचं तोंड दक्षिणेकडे हवं. डिस्कव्हरी गार्डन्समधली मराठी मंडळी माझ्याकडून आईबापांचे फोटो करून घेतात, तेव्हा लावायलाही मलाच नेतात, कारण टॉवरमध्ये राहून त्यांना दिशा कळत नाही. मला कळते. इथं दिशा शोधायला एकच प्रश्न पुरतो. किब्ला, म्हणजे नमाजाची मक्केकडची दिशा, कुठं? मक्का इथून पश्चिमेला. तिकडं तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला दक्षिण.

दुसऱ्या दिवशी रेस्टॉरंटमध्ये फ्रेमा लावायच्या होत्या. मिहिका साहित्य आणायला गेली आणि मी सिक्युरिटीवाल्या बंगाली भाईला किब्ला विचारला. त्यानं किचनच्या दाराकडे हात केला. म्हणजे लांब टेबलामागची सबंध भिंत उत्तरेची, तिच्यावरचं सगळं दक्षिणेकडे बघणार. कुठली फ्रेम कुठं लावायची त्या मिहिकाच्या नकाशात मेलेली माणसं चारी भिंतींवर विखुरली होती, वासरांच्या आणि नट्यांच्या मध्येमध्ये. मी नकाशा घडी करून खिशात टाकला. चपला काढल्या. नऊच्या नऊ पानं त्या भिंतीवर लावली, एका ओळीत, लेव्हल लावून, हात आणि मन दोन्ही स्थिर ठेवून. बादलीवाल्याला मध्ये. प्रत्येकाची काच पुसली, नमस्कार केला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. म्हटलं, आता ही जाहिरात नाही. आता ही गेलेली माणसं आहेत, आणि गिऱ्हाइकं गप्प बसून जेवतील.

केवढा मूर्ख मी!

मिहिका आली आणि तिचा चेहरा पडला. “काका, हे काय केलंत? लेआउट अप्रूव्ह्ड होता!”

“मेलेल्यांचं तोंड दक्षिणेला लागतं, बाळा.”

“काय?”

ती पुढं काही बोलणार तेवढ्यात देवांश आला, चार मित्र घेऊन, दुपारचं ट्रायल जेवण होतं म्हणून. भिंत बघून तो जागीच थांबला. मला वाटलं, आता ओरडेल, उतरवायला लावेल. मी उतरवणार नव्हतो, नोकरी गेली तरी. ते मी ठरवून टाकलं होतं.

“ब्रो!” तो ओरडला. “सारी डेड बॉडीज एक साथ! ये तो डेथ वॉल हो गयी! मिहिका, यू आर अ जीनियस!”

मिहिकानं माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. “काकांची आयडिया,” ती हळूच म्हणाली.

“अंकल! हबीबी! क्या दिमाग है!” त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

मी त्यांना ओळीत मान दिला होता आणि यानं त्याचा एका मिनिटात तमाशा केला. नव्हे, मीच करून दिला होता. विखुरलेले असते तर निदान झाकले तरी गेले असते.

मित्रांचे फोन बाहेर निघाले. शौर्य नावाचा एक जण, पंचविशीतला, धडधाकट, बादलीवाल्याच्या बरोबर खाली जमिनीवर पालथा झाला. हात पसरले. एक बूट काढून बाजूला फेकला. बाकीचे त्याच्याभोवती कोंडाळं करून उभे राहिले, कॅमेऱ्याकडे बघत, हसत.

“पचाक बोलो, पचाक!” देवांश ओरडला. हा शब्द मिहिकानंच त्याला सांगितला असणार. ती कोपऱ्यात उभी होती, आणि ती मात्र हसत नव्हती.

“अंकल, थोडा साइड में. आप फ्रेम में आ रहे हो.”

मी बाजूला झालो नाही. अनवाणीच पुढं गेलो आणि त्या पोराच्या शेजारी वाकलो. शिव्या माझ्या तोंडापर्यंत आल्या होत्या, पण तोंडातून निघालं भलतंच.

“लागलं का रे कुठं?” मी मराठीतच विचारलं आणि हात पुढं केला.

शौर्यनं मान वळवून वर बघितलं. हसू ओठांवर तसंच होतं, पण त्याला पुढं काय करावं ते सुचेना. कुणीतरी फोन खाली घेतला.

“नो, अंकल. आय ॲम फाइन,” तो म्हणाला आणि त्यानं माझा हात धरला.

समाधानचा हात मी शेवटचा धरला तो शवागारात, कागदावर सही करण्याआधी, ओळख पटवताना. या पोराचा हात गरम होता, थोडा घामट. मी ओढलं तसा तो उठून उभा राहिला, सहज, काहीच झालं नसल्यासारखा. मी हात सोडायला हवा होता. सोडला नाही.