दोनदा दाबलेलं बटण

अंजली साळवे ज्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची, तिथे सुयश साहेबांनी त्या महिन्यात नवी टूम काढली होती. जो सगळ्यांत जास्त चुका शोधेल त्याचं नाव फलकावर, वर एक दिवस जादा सुट्टी. हेतू चांगलाच होता. टेस्टर मंडळींचं कामात मन लागत नाही, असं त्यांच्या कानावर आलं होतं. झालं काय, तर अंजलीबरोबरच्या तनयने पहिल्याच आठवड्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या बावीस चुका नोंदवल्या. अंजलीच्या नावावर तीन.

"मागे पडलीस की," प्रोग्रॅमर प्रफुल्ल म्हणाला. "एरवी माझ्या कामात नणंदेसारखी खुसपटं काढतेस."

"भातातला खडा मी आधी काढते, म्हणून तुझे दात शाबूत आहेत," अंजली म्हणाली.

हसून बोलली खरी, पण तिच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यासाठी त्यांनी अ‍ॅप केलं होतं. मशीन बिघडलं की कामगाराने मोबाइलवरचं लाल बटण दाबायचं, दुरुस्तीवाल्याला निरोप जायचा. ऑफिसात ते शंभरदा तपासून झालं होतं. तरी एका मशीनवरून निरोप येतच नव्हते. सुपरवायझरचं म्हणणं, बाई बटण दाबतच नसणार.

अंजलीने साहेबांना विचारलं आणि स्कूटी थेट अंबडला नेली.

त्या मशीनवर लताबाई होत्या, एकोणीस वर्षं ड्रिलिंग करणाऱ्या. ऑफिसातून कुणी आलंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "मी दाबते हो बटण. खोटं कशाला बोलू?"

"मावशी, माझा विश्वास आहे. रोज दाबता तसंच एकदा दाखवा फक्त."

लताबाईंनी अंगठ्याचं तेल फडक्याला पुसलं आणि टक टक, दोनदा दाबलं.

"दोनदा का?"

"एका हाकेला कोण येतं, ताई?"

अंजलीला एकदम उलगडा झाला. पहिल्यांदा दाबलं की तक्रार जात होती, लगेच पुन्हा दाबलं की तीच रद्द होत होती. ऑफिसात सगळे एकदाच दाबून शहाण्यासारखे थांबायचे.

"म्हणजे चूक माझी नाही?" लताबाईंनी विचारलं.

"नाही. आमची आहे."

हेच तिने सुपरवायझरला लताबाईंच्या समोर सांगितलं. तो ओशाळला, "मनावर घेऊ नका, लताबाई," म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत लताबाईंनी तिला आपल्या डब्यातली अर्धी भाकरी ठेच्यासकट खायला लावली.

"दुसऱ्याच्या चुका काढायच्या, हेच तुझं काम?"

"हेच."

"आमच्याकडे बायका ते फुकट करतात," लताबाई म्हणाल्या, आणि दोघीही पोट धरून हसल्या. मग त्यांनी फोन हातात घेतला. "मशीनचा नंबर मराठी आकड्यांत टाकला तर चालेल ना?" त्यांनी टाकला. अ‍ॅप जागच्या जागी गोठलं. अंजलीला इतका आनंद झाला की भाकरीचा घास हातातच राहिला.

ऑफिसात प्रफुल्ल आधी अडून बसला. "दोनदा कोण दाबतं?"

"लिफ्टपाशी तू किती वेळा दाबतोस?"

प्रफुल्लने लॅपटॉप पुढ्यात ओढला. संध्याकाळच्या आत दोन्ही चुका दुरुस्त झाल्या. दुसऱ्या दिवसापासून लताबाईंच्या मशीनपाशी माणूस वेळेवर येऊ लागला.

महिनाअखेर फलकावर तनयचं नाव लागलं. अंजलीच्या खात्यावर अवघ्या सहा चुका होत्या. तिने तनयचं मनापासून अभिनंदन केलं. सुयश साहेबांनाच अवघडल्यासारखं झालं. "मोजायची पद्धत चुकली बहुतेक. तुला काय देऊ?"

"दर गुरुवारी अंबडला जाऊ द्या. आणि प्रफुल्ललाही सोबत पाठवा."

पुढच्या गुरुवारी प्रफुल्ल अवघडून मशीनशेजारी उभा होता. लताबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, हातातला फोन पदराने पुसला आणि विचारलं, "निरोप जाता जाता फोनच बंद पडला, तर तुझं हे अ‍ॅप काय करतं रे?"

प्रफुल्लने अंजलीकडे पाहिलं. अंजलीने वही उघडून पेन त्याच्या पुढे केलं.