तांब्याचे कडे आणि दुसरी धाव

क्रीडासंकुलाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर श्वासगुरू तांब्याचे कडे उंच धरून उभे होते.

"हे नुसते तांबे नाही! हवेतला ऑक्सिजन ओढून हे थेट रक्तात सोडते. फुप्फुसांनो, आता विश्रांती घ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फुप्फुसांनी खरोखरच विश्रांती घेतली तर काय होईल, हे कुणी विचारले नाही. मीही नाही. गुरूंच्या पाठीमागच्या पुरुषभर उंच फलकावर माझ्याच प्रयोगशाळेचा अहवाल होता. खाली माझी सही.

धावपटूंची क्षमता मोजणे हे माझे काम. तोंडावर मास्क बांधून धावपटूला ट्रेडमिलवर पळवायचे, वेग वाढवत न्यायचा आणि तो पार थकेपर्यंत शरीराने किती ऑक्सिजन वापरला ते नोंदवायचे. हा लांब पल्ल्याचा दम. ऑक्सिजन पुरेसा पोचण्याआधी शरीर जी ताकद उधळते, ती सायकलवर तीस सेकंदांत मोजतो. दोन महिन्यांपूर्वी संकुलाच्या प्रशिक्षकांनी आठ नवखे धावपटू आणले. सोमवारी कड्याविना चाचणी, गुरुवारी कड्यासह. ट्रेडमिल आणि सायकल, दोन्हींवर गुरुवारी आठही जणांचे आकडे वाढले. मी ते छापून दिले.

सभेनंतर दारात भाची भेटली. ती पंधराशे मीटर धावते; निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. चेहरा पांढराफटक.

"लोहाच्या गोळ्या घेतेस ना?"

"कधीच्या सोडल्या. मळमळतं. आता कडं आहे की."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"तूच! फलकावर सही कुणाची आहे, मामा?"

मी तिला दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला न्यायचे ठरवले. त्याच संध्याकाळी ती सरावात कोसळली. हिमोग्लोबिन आठ.

रुग्णालयात पडल्या पडल्या तिने विचारले, "त्या आठ जणांना आधी कडं घालून पळवलं असतंस तर?"

उत्तर मला ठाऊक होते, तेव्हाही होते. पहिल्या दिवशी नवखा धावपटू मास्कला बिचकतो, कठडा धरतो, पडण्याच्या भीतीने लवकर थांबतो. सायकलवर ताकद राखून ठेवतो. दुसऱ्या खेपेस भीती गेलेली असते. म्हणूनच आमच्याकडे पहिली चाचणी केवळ सरावाची मानतात, मोजत नाहीत. "सरावबिराव राहू द्या हो, घाईत आहोत," असे प्रशिक्षक म्हणाले आणि मी राहू दिले.

पुढच्या आठवड्यात बारा नवखे धावपटू घेतले. सहा जणांना पहिल्या दिवशी कडे, सहा जणांना दुसऱ्या दिवशी. मग त्याच सभागृहात निकाल वाचला.

"दुसऱ्या दिवशी बाराही जणांचे आकडे वाढले. कडे घातलेल्यांचे जेवढे, तेवढेच काढलेल्यांचेही."

गुरू उसळले. "श्रद्धा कमी पडली!"

मागून एका धावपटूची आई म्हणाली, "अहो, श्रद्धा कमी पडून आकडे वाढतात होय? मग ती कमीच बरी!"

हशा पिकला. प्रशिक्षक ओशाळून म्हणाले, "मग साहेब, या कड्यानं होतं तरी काय?"

"मनगट हिरवं होतं."

पुन्हा हशा. त्या हशात गुरू मागच्या दाराने निघून गेले. मला मात्र तसे जाता येत नव्हते. पहिल्या वेळी सरावाची चाचणी मी वगळली होती, हे मी सगळ्यांसमोर सांगितले. तेव्हा कुणी हसले नाही. गुरूंना चाचणीतले काही कळत नव्हते. मला कळत होते.

भाची निवड चाचणीला जाऊ शकली नाही. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. रक्त भरून यायला महिने लागतील. ती मला एका शब्दाने बोललेली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

तेव्हा कुणी चमत्काराचा आकडा दाखवला, तर एवढेच विचारा: आधी काय केले, नंतर काय केले, आणि क्रम उलटून पाहिला का? खाली तज्ज्ञाची सही असली तरी विचारा. सही माझी असेल, तर आवर्जून विचारा.